झालं, उठा आता

कानवालीचे कान म्हणजे घरातली एक दंतकथाच होती. दूध उतू जाण्याआधी जो बारीकसा सुस्कारा सोडतं, तो तिला गच्चीवर ऐकू यायचा. दादाने बिस्किटांच्या डब्याचं झाकण कितीही जपून उघडलं, तरी बाथरूममधून आवाज यायचाच, "दादा, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" वहिनी म्हणायची, "सासू तिखट आहे हे मला लग्नाआधी दहा जणांनी सांगितलं. नणंदेच्या कानांबद्दल एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ!"

अशा मुलीला लोकांचे कान तपासायचीच नोकरी लागली, यात नवल ते काय! कारखान्यात दिवसभर यंत्रांचा धडधडाट, त्यात कामगारांचे कान हळूहळू जातात, आणि जाताना सांगूनही जात नाहीत. म्हणून वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन ते तपासायचे असतात. कानवाली सुटकेसमध्ये मशीन घेऊन जायची आणि आवाजबंद पेटी टेम्पोतून मागून यायची. पेटी म्हणजे एका माणसापुरती लाकडी खोली. आत स्टूल, हेडफोन आणि समोर एक फळी. मशीनचं बटण कधीच मोडलं होतं आणि ऑफिसने ते कधीच दुरुस्त केलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडची पद्धत अशी, की आवाज ऐकू आला की फळीवर बोटाने टक करायचं. "कानवाली" हे नावही कामगारांनीच ठेवलं होतं, आणि तिला ते स्वतःच्या नावापेक्षा जास्त आवडायचं.

आधी ती एका अनुभवी बाईंबरोबर जायची. त्या बाई एका कारखान्यात एकट्याच गेल्या आणि परत येताच त्यांनी तडकाफडकी नोकरी सोडली, कारण विचारलं तर म्हणाल्या, "कंटाळा आला." आणि कानवालीवर पहिल्यांदा एकटीने जायची वेळ आली.

निघताना दादाने तिची बॅग उचलली, दारापर्यंत आणली आणि हातातून सोडलीच नाही. "हे बघ, मी काही जुन्या विचारांचा नाही."

या वाक्यानंतर काय येतं, ते ओळखायला बारीक कान लागत नाहीत.

"पण एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, एकदा जरी तू घाबरून घरी फोन केलास, तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. कबूल?"

"कबूल, कबूल, कबूल!" बॅग हिसकावून ती पळालीसुद्धा. आपण कशाला हो म्हटलं, याचा विचार करायला तिला गाडीत भरपूर वेळ होता. पण तिने तो खिडकीबाहेर बघण्यात घालवला.

कारखान्याचं गेस्ट हाऊस आवाराच्या मागच्या टोकाला होतं. लांबलचक बैठी इमारत, एका ओळीत खोल्या, सगळ्या रिकाम्या. तिला मिळाली ती शेवटची.

"पुढची नाही का एखादी?" तिने विचारलं.

"रंग द्यायचाय ना ताई त्यांना," केअरटेकर काका म्हणाले. मऊ बोलणारा, मऊ चालणारा माणूस. पूर्वी पत्रे ठोकायच्या खात्यात होता, आता किल्ल्या सांभाळायचा. "ही उलट शांत आहे. बायकामाणसांना आम्ही हीच देतो. कडी लागते ना नीट? आतून लावत जा हं. दिवस चांगले नाहीत."

खोली तशी बरी होती. पलंग, टेबल, डोक्यावर बारीक गुणगुणणारी ट्यूब, आणि भिंतीत बसवलेलं मोठं लाकडी कपाट. कपाटाला कुलूप होतं. "स्टोअरचं सामान," काका म्हणाले आणि जाता जाता पुन्हा वळून म्हणाले, "कडी मात्र लावा हं." काळजीचंच बोलणं, पण ओल्या हाताने कुणी मानेला शिवावं तसं तिला वाटलं.

संध्याकाळी तिने मशीन टेबलावर मांडलं. प्रवासात त्याला काही झालं नाही ना, हे बघायचं असतं. शिवाय उद्याची पहिली एकटी सकाळ! म्हणून हेडफोन टेबलावर ठेवून, रिकाम्या खोलीसमोर ताठ उभी राहून, तिने घरी शंभरदा घोकलेलं भाषण पुन्हा ठोकलं:

"आवाज आला की बोटाने एकदा टक करा. कितीही बारीक असला तरी करा. नाही आला तर नुसतं बसून राहा. आणि मी उठा म्हणेपर्यंत उठू नका."

मग तिने एक बारीक सूर सोडला. हेडफोनमधून तो डासाच्या पंखाइतका हवेत आला.

टक.

कानवालीने मान वळवली. आवाज कपाटाकडून आला होता. लाकूड तडकतं कधीकधी, ती स्वतःशी म्हणाली. पाइप गार होतात तेव्हाही वाजतात. तिने आणखी हळू सूर सोडला.

टक.

आता त्यांच्या धंद्यात एक युक्ती असते. काही लोक ऐकू न येताच टक करत सुटतात, बरे कान दाखवायचे म्हणून. त्यांना पकडायला मध्येच काही न वाजवता थांबायचं. कानवाली थांबली. काही नाही. ट्यूब गुणगुणत राहिली, बाहेर कुणाचीतरी सायकल खडखडत गेली, कपाट गप्प. पुन्हा सूर.

टक.

तिच्या हातांवरचे केस हळूहळू उभे राहिले. त्याच क्षणी फोन वाजला आणि ती पलंगावर पडता पडता वाचली. दादा.

"काय, सगळं ठीक?"

"एकदम मस्त! खोली छान, माणसं छान. आईचा गुडघा काय म्हणतो?"

बराच वेळ ती गुडघ्याबद्दल बोलली, कपाटाकडे पाठ न करता.

दुसऱ्या दिवशी काम मात्र झोकात झालं. कामगार आपापसात टिंगल करत रांगेत उभे होते. एक जण म्हणाला, "मॅडम, याचे कान चांगले आहेत, फक्त उसने पैसे परत मागितले की बंद पडतात!" एकाला ती उठा म्हणायलाच विसरली, तर तो बिचारा चहाची सुट्टी संपेपर्यंत पेटीत बसून राहिला. दार उघडल्यावर म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, उठू नका." एक धिप्पाड वेल्डर आत जाऊन बसला आणि सूर नसतानाच फळी बडवायला लागला, टकटकटकटक, एकसारखी. कानवालीने झटकन दार उघडलं. तो घामाने भिजला होता. "बंद जागेत जीव घाबरतो हो," तो ओशाळून म्हणाला. असा टकटकाट तिने आधीही पाहिला होता. आपण हुशार आहोत हे दाखवायला टक करणारा वेगळा आणि हा वेगळा. हा माणूस काही ऐकतच नसतो. तो फक्त, दार उघडा, म्हणत असतो.

शेवटी केअरटेकर काका आले. "माझे कसले तपासता ताई, बायको काय बोलते ते ऐकू येत नाही, त्यावरच संसार टिकलाय." पेटीत बसवल्यावर कानवालीला आधी ऐकू आली ती त्यांच्या नाकाची शिट्टी. श्वास आत घेताना बारीक, उंच, केसासारखी. जाड आवाज काकांना बरे ऐकू आले. उंच सूर मात्र एकही नाही, अगदी मोठा केला तरी नाही. ठोकाठोकीत तेच आधी जातात. म्हणजे आपलं नाक शिट्टी वाजवतं हे या माणसाला या जन्मात कळणार नाही, असं मनात येऊन तिला हसू आलं.

कागद द्यायला ती कारखान्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या सिस्टर म्हणजे एकदम कडक काम. सुईपेक्षा नजरच जास्त टोचायची.

"उतरलीस कुठे?"

"गेस्ट हाऊस. शेवटची खोली."

सिस्टरचा कापूस गुंडाळणारा हात थांबला. "तुझ्या आधीची पण तिथेच उतरली होती. मागच्या वेळी काम अर्धं टाकून गेली."

"का?"

"मी विचारलं, सगळं ठीक? म्हणाली, मस्त." सिस्टरने कापूस खाली ठेवला. "ट्रेनिंग द्यायला एक यायची, हिशेब तपासायला एक यायची. सगळ्या एकदाच येतात आणि सगळ्या मस्तच म्हणतात. गेटजवळ माझं क्वार्टर आहे. नंबर घे."

त्या संध्याकाळी कानवालीने कडी लावली आणि मशीनसमोर बसली. हे काम कुणाचं असू शकतं, ते तिला शोधायचं होतं. तिने सगळ्यात उंच सूर निवडला, काकांना मोठा करूनही ऐकू न आलेला, आणि तोही अगदी बारीक सोडला.

टक.

म्हणजे काका नाहीत. काकाच काय, इतकी वर्षं त्या धडधडाटात काढलेल्या माणसांत हे ऐकू येणारं दुसरंही कुणी नसणार. पण माणसाचं कसं असतं बघा, भीती वाटत असतानाही हाताला सवय असते. ती सूर कमी करत गेली, आणखी कमी, तिला स्वतःलाही ऐकू येईना इतका कमी, आणि तरी टक. एकदाही चूक नाही, शांततेत एकदाही उगाच टक नाही. इतके सुंदर कान तिने कधी तपासलेच नव्हते.

"वा!" तिच्या तोंडून निघून गेलं.

भिंतीलाही कान असतात म्हणतात, पण इतके चांगले? ती हसली, आणि हसण्याचा आवाज त्या खोलीत असा काही एकटा पडला, की तिने मशीन बंद करून डोक्यावरून पांघरूण ओढलं.

सकाळी काका चहा घेऊन आले. कप ठेवत मऊ आवाजात म्हणाले, "आईच्या गुडघ्याला आराम आहे का आता?"

"हो, आहे," ती म्हणाली. चहा अर्धा संपला आणि तिने कप खाली ठेवला. गुडघ्याचं तिने काकांना कधी सांगितलं होतं? ती बोलली होती फक्त फोनवर. ह्याच खोलीत, कडी लावून.

दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना. सिस्टरला सांगावं? काय सांगायचं, की चहावाल्याने आईची चौकशी केली? घरी सांगावं? घरी सांगितलं की संपलंच. सुटकेस माळ्यावर, आणि तिचे कान पुन्हा दुधाच्या राखणीला. "एकदा जरी घाबरून फोन केलास." ती अट तिला आता कपाटावरच्या कुलपासारखी दिसायला लागली. बाहेरून छान, घट्ट, काळजीचं. आणि किल्ली भलत्याच माणसाकडे.

संध्याकाळी परतताना काकांची मोटारसायकल जागेवर नव्हती. दारात चिठ्ठी होती, बाजारात गेलोय, उशीर होईल. तिला हायसं वाटलं. कडी लावली, ट्यूब लावली, कपडे बदलायला पिशवीतून काढले. मशीनला तिने हातही लावला नव्हता.

टक.

ती थबकली.

टक. टक. टकटक. टकटकटकटकटक.

सूर नव्हता. काहीच नव्हतं. आणि तरी ते कपाटाच्या आतल्या लाकडावर वाजत होतं, खालच्या बाजूला, स्टुलावर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे. जिने एकदाही खोटं टक केलं नव्हतं ती (कानवालीच्या मनात ते "ती" कधी झालं, तिलाही कळलं नाही), आता वेड्यासारखी टकटकत होती. त्या वेल्डरसारखी.

कानवालीने श्वास रोखला आणि ऐकलं. आयुष्यात ऐकलं नसेल इतकं नीट ऐकलं. टकटकीच्या खाली, लाकडाच्या पलीकडे, उंच, बारीक, केसासारखी एक शिट्टी होती. आत घेतलेल्या श्वासाबरोबर यायची. सोडताना थांबायची. पुन्हा यायची.

कपडे तिच्या हातात तसेच राहिले. आपण पाहिलं तर त्याला कळेल, आपण धावलो तर त्याला कळेल. किल्ली त्याच्याकडे आहे.

फोन वाजला. दादाची रोजची वेळ.

"काय गं, सगळं ठीक?"

"मस्त" तिच्या जिभेवर आलंच होतं. जीभ सवयीने वळतच होती. टकटक थांबली. जणू कपाटही ऐकत होतं, ही काय म्हणते ते.

"नाही," कानवाली म्हणाली. "ठीक नाही, दादा. फोन ठेवू नकोस. मी बोलत बोलत बाहेर जातेय."

दादाने एकही प्रश्न विचारला नाही. फक्त म्हणाला, "मी आहे. चाल." तिने कडी काढली, आणि फोनमधून तो म्हणत राहिला, "आहे मी. आहे." रिकाम्या खोल्यांच्या ओळीवरून ती चालत गेली, आवारात आल्यावर धावली आणि थेट सिस्टरच्या दारावर जाऊन आदळली.

सिस्टरने ऐकून घेतलं, चपला घातल्या, गेटवरचे दोन पहारेकरी उचलले आणि स्वतः पुढे झाल्या. त्यांनी शेवटच्या खोलीच्या मागे जाऊन बघितलं. पाइपांसाठी ठेवलेली एक अरुंद बोळ होता, त्याला बुटकं दार. मोटारसायकल झुडपामागे. आत काका. कपाटाला मागची फळीच नव्हती असं म्हटलं तरी चालेल, ती सरकायची. पुढच्या दारात एक भोक, आणि भोकासमोर बसून बसून गुळगुळीत झालेलं स्टूल.

"पाइप गळत होता," काका मऊ आवाजात म्हणाले.

"गळतोय तो तुमचा आवाज," सिस्टर म्हणाल्या. "बाहेर या."

पहारेकऱ्यांनी दंड धरल्यावर तो कानवालीकडे बघून चिडून म्हणाला, "आणि ताईंना सगळं माहीत होतं! रोज भिंत वाजवायच्या, मला घाबरवायला. आज तर माझ्या मांडीजवळच वाजवत होत्या!"

कानवालीने बॅटरी घेऊन आत उजेड टाकला. स्टुलाशेजारी, कपाटाच्या बाजूच्या फळीवर, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवरचा रंग उडाला होता. आतलं लाकूडही झिजून खळगा पडला होता. एका दिवसात पडेल असा नव्हता तो. आणि त्या बाजूला दुसरा माणूस मावेल एवढी जागाच नव्हती.

रात्री सिस्टरच्या क्वार्टरमधून तिने आधीच्या बाईंना फोन केला. केअरटेकर पकडला गेला, एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला पण टक ऐकू आलं?"

"हो."

"मला वाटलं मला वेड लागलंय. नवऱ्याने आधीच सांगितलं होतं, एक जरी लफडं झालं तर..." त्या थांबल्या. "तक्रारीत माझं नाव घाल. पहिलं घाल."

मग घरी. दादाचा आवाज आता पुन्हा मोठा झाला होता. "सकाळच्या पहिल्या गाडीने परत ये. आणि आपलं काय ठरलं होतं, आठवतंय ना?"

"आठवतंय. मी घाबरून फोन केला तर राजीनामा."

"मग?"

"फोन तू केलास."

दादाच्या मागे कुठेतरी वहिनी फिस्सकन हसली.

"अट मी मोडली नाही, दादा," कानवाली म्हणाली. "पण अटच वाईट आहे. त्या अटीपायी मी गप्प बसले. तो भिंतीमागे बसला होता आणि मी तुला मस्त मस्त म्हणत होते. तुझ्या भीतीने."

"नाही ती अट," दादा म्हणाला, इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नसतं. "काढली."

आईने फोन घेतला. "काम किती राहिलंय?"

"उद्याचा दिवस."

"संपवून ये. सिस्टरकडेच झोप, त्यांना माझा नमस्कार सांग." आई घुटमळली. सगळी हकीकत तिने फोनच्या स्पीकरवर ऐकली होती. "आणि ती टकटक करणारी?"

"तिचं काय?"

"अगं, घरभर घोकत होतीस ना? मी उठा म्हणेपर्यंत उठू नका. तिला उठा म्हणालीस का?"

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, खोलीत लख्ख ऊन असताना, कानवाली सामान घ्यायला गेली. सिस्टर दारात उभ्या राहिल्या, पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून. कपाट सताड उघडं होतं, स्टूल रिकामं.

तिने हेडफोन टेबलावर ठेवले आणि सगळ्यात उंच, सगळ्यात बारीक सूर सोडला.

टक.

"झालं," कानवाली म्हणाली. घसा साफ करून पुन्हा म्हणाली, प्रत्येकाला म्हणते तसंच, हसून. "टेस्ट संपली. कान फार चांगले आहेत तुमचे. उठा आता."

स्टूल किंचित करकरलं. वजन उतरल्यावर करकरतं तसं.

दारातल्या सिस्टरनी खिशातला हात काढला, कोट अंगाशी ओढून घेतला, आणि कुणाला तरी जाऊ द्यावं तशा एक पाऊल बाजूला सरकल्या.